‘टर्निंग रेड’ : मेईचे वागणे तुम्हाला पटले का?

ओवी

पिक्सारच्या या चित्रपटाविषयी आमच्या घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. चर्चेत शेवटही येणार असल्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहून यावे.

ज्यांना कथा नीटशी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल २००२, शहर टोरांटो. तिथल्या चायनाटाउनमध्ये आईवडिलांबरोबर घराण्याचे देऊळ सांभाळणारी तेरा वर्षांची मेई ली अभ्यासात हुशार आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. एका सकाळी ती उठते ती प्रचंड लाल पांडा होऊनच. भावना अनावर झाली की पांडा, मन निवले की पुन्हा मुलगी. सन यी नावाच्या पूर्वजेने युद्धाच्या काळात आपल्या मुलींचे रक्षण करता यावे म्हणून देवांकडून मागून घेतलेले हे वरदान घराण्यातल्या प्रत्येक स्त्रीकडे येते. पण परदेशी स्थायिक झाल्यावर ते अडचणीचे ठरू लागते आणि तांबड्या चंद्राच्या रात्री विधी करून पांडाला एखाद्या दागिन्यात कोंडून टाकण्याचा रिवाज पडतो. मेईच्या लाडक्या गायकांचा कार्यक्रम नेमका त्याच रात्री येतो आणि तिथून सगळे बिघडते.

मला चित्रपट आवडला, पण एक गोष्ट खटकते. मेई आईशी खोटे बोलते, पांडाचे रूप दाखवून शाळेतल्या मुलांकडून तिकिटांसाठी पैसे जमवते, आणि टायलर या वर्गमित्राच्या वाढदिवसाला आई येऊन थडकते व सारा दोष मैत्रिणींवर टाकते, तेव्हा ही मुलगी एक शब्दही न बोलता उभी राहते. पहिल्या दोन गोष्टी मी समजू शकते. तिसरीची पुरेशी किंमत मात्र चित्रपट तिच्याकडून घेत नाही, असे माझे मत आहे. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला यात काहीच वावगे दिसले नाही, आणि माझ्या आईला अख्खा चित्रपटच मुलींना उर्मटपणा शिकवणारा वाटला. तुम्हाला काय वाटते?

घाटावरचा

मला तुमच्या आईंचे म्हणणे पटते. त्याहून मोठी तक्रार अशी, की हा चित्रपट पहिल्या मिनिटापासून किंचाळत राहतो. अर्ध्या तासानंतर मी आवाज कमी केला आणि पाऊण तासानंतर चहा करायला उठलो.

फुलपात्र

घाटावरचा, तुम्ही चहा करायला गेलात तेव्हा मेईच्या लाडक्या ‘४*टाउन’ या ज्या वाद्यवृंदाच्या नावात चार आहे त्यात पाच मुलगे आहेत हा विनोद तुमच्या हातून निसटला असणार. मेईच्या आईलाही तेच कोडे पडते आणि मुलींना त्यात काहीच विचित्र वाटत नाही. तेरा वर्षांच्या भक्तीचे याहून नेमके वर्णन मी पाहिलेले नाही.

टोरांटोकर

मी टोरांटोशेजारच्या मिसिसागात राहतो आणि या चित्रपटाविषयी मला तटस्थ राहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रस्त्यावरची लाल ट्राम, पाठीमागे दिसणारा सीएन टॉवर, मुलांच्या हातातला तामागोची (सांभाळायच्या आभासी प्राण्याचे छोटे खेळणे), हे सगळे त्या वर्षीचे आणि याच शहराचे आहे. शेवटचा सगळा गोंधळ ज्या स्टेडियममध्ये होतो ते १९८९ मध्ये ‘स्कायडोम’ या नावाने उघडले आणि २००५ मध्ये त्याचे नाव बदलून ‘रॉजर्स सेंटर’ झाले. चित्रपटात जुने नाव ऐकल्यावर आमच्या पिढीच्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पना करा. पिक्सारच्या चित्रपटात आमचे शहर दुसऱ्या कुठल्या शहराचे सोंग न घेता स्वतःच्या नावाने उभे आहे.

दिग्दर्शिका डोमी शी यांचा जन्म चीनमधल्या चोंगचिंगचा, पण त्या वाढल्या टोरांटोत आणि ॲनिमेशन शिकल्या त्याही इथल्या शेरिडन महाविद्यालयात. मेईच्या तीन जिवलग मैत्रिणींपैकी प्रिया ही भारतीय वंशाची आहे आणि तिला आवाज देणारी मैत्रेयी रामकृष्णन ही तमिळ कुटुंबातली मुलगी तर आमच्या मिसिसागाचीच. शाळेच्या आवारातला सुरक्षारक्षक शीख आहे. यातल्या कशावरही कॅमेरा मुद्दाम थांबत नाही, आणि इथल्या शाळांचे हेच खरे चित्र आहे.

म्हणूनच मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका चित्रपटविषयक संकेतस्थळावर जे परीक्षण आले त्याचा मला राग आला होता. कथा टोरांटोतल्या आशियाई समाजात रुजवल्यामुळे तिचा आवाका मर्यादित झाला, अशा आशयाचे ते होते. त्यावर इतकी टीका झाली, की संकेतस्थळाने ते परीक्षण काढून टाकले आणि माफी मागितली.

निरंजन

परीक्षण काढून टाकणे मला योग्य वाटले नाही. एखाद्या प्रेक्षकाला कथा आपली वाटली नाही, तर ते लिहिण्याचा त्याला अधिकार आहे. त्याला उत्तर द्यावे, त्याचे लिखाण पुसू नये. त्याचे मत चुकीचे होते, हे मात्र मान्य. आपण सगळे लहानपणापासून अमेरिकन उपनगरांतल्या मुलांच्या गोष्टी पाहत आलो आहोत आणि त्या आपल्या आहेत का असा प्रश्न आपल्याला कोणी विचारलेला नाही.

घाटावरचा

टोरांटोकर, माझ्या तक्रारीचा चिनी असण्याशी काही संबंध नाही, हे स्पष्ट करतो. उलट देवळातली ती सकाळ, मायलेकींची एका लयीत चाललेली साफसफाई, वडिलांचा स्वयंपाक, हा भाग मला सर्वांत चांगला वाटला होता. मला त्रास झाला तो आईच्या चित्रणाचा. मेईने वहीत काढलेली एका दुकानातल्या पोराची चित्रे सापडल्यावर ही बाई मुलीला गाडीत घालून थेट त्या दुकानात जाते आणि गल्ल्यावरच्या पोरासमोर, भरल्या दुकानात, ती चित्रे दाखवून जाब विचारते. पुढे सॅनिटरी पॅडचे पुडके घेऊन शाळेच्या झाडाआड लपते आणि रक्षकाशी झटापट करते. अशी आई कुठे असते? हसू यावे म्हणून तिला विदूषक केले आहे, आणि मग शेवटी तिच्यासाठी आपण रडावे अशी अपेक्षा आहे.

मधुरा_के

अशी आई कुठे असते? माझा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवू का?

(विनोद सोडून देते. माझ्या आईने माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी माझ्या देखत असेच बोलणे केले होते. मेईच्या चेहऱ्यावर त्या दुकानात जे दिसते, ते मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.)

मुक्ताई

मी नाशिक जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे घाटावरचा यांनी उल्लेख केलेल्या पॅडच्या प्रसंगाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

आजही अनेक शाळांमध्ये मासिक पाळीविषयी बोलायचे असेल तेव्हा मुलग्यांना मैदानावर पाठवले जाते आणि मुलींना खिडक्या लावून माहिती दिली जाते. पुष्कळ घरांत त्या चार दिवसांत मुलीने देवघराजवळ जायचे नाही, लोणच्याला हात लावायचा नाही हे नियम अजून आहेत. अशा मुली जेव्हा एका मोठ्या कंपनीच्या, घरातल्या सगळ्यांनी बसून पाहायच्या चित्रपटात न्हाणीघराच्या दाराबाहेर वेदनाशामक गोळ्या, गरम पाण्याची पिशवी आणि तऱ्हेतऱ्हेचे पॅड घेऊन उभी असलेली आई पाहतात, तेव्हा त्यांना जे हसू येते त्यात मोठा सुटकेचा भाग असतो. परदेशात या प्रसंगावर काही पालकांनी आक्षेप घेतला आणि मुलांच्या चित्रपटात हा विषय कशाला असे विचारले. ज्या वयाच्या मुलींची ही कथा आहे त्या वयात हा विषय नाही आणायचा तर कधी आणायचा?

मला लेखनातले एक कौशल्य विशेष आवडले. पांडा म्हणजे पाळी, असा सरळ अर्थ लावून मोकळे होण्याचा मोह कोणालाही होईल. तो मोह चित्रपट स्वतःच आईच्या गळ्यात घालतो. मेई आत पांडा होऊन बसली आहे आणि आईला वाटते की पाळी आली. हा गैरसमज दाखवल्यामुळे दोन गोष्टी आपोआप वेगळ्या होतात, आणि पांडाच्या वाट्याला राग, हाव, लाज, मुलांकडे पाहून धडधडणारी छाती, मैत्रिणींबरोबरचा उन्माद असे पुष्कळ काही येऊ शकते.

तिरफळ

मुक्ताई, उत्तम प्रतिसाद. आमच्याकडे मडगावात हा चित्रपट माझ्या नऊ वर्षांच्या मुलग्याने लावला होता, त्याला फक्त पांडा पाहायचा होता. पॅडच्या प्रसंगी त्याने विचारले, मी सांगितले, त्याने ‘बरं’ म्हटले आणि पुढे पाहू लागला. मोठ्यांनी उगाच धसका घेतलेला असतो.

मला बोलायचे आहे ते मेईच्या वडिलांविषयी, कारण त्यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. जिन बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असतो, बोलतो फार थोडे, आणि बायकांच्या या घराण्यात त्याला मत विचारण्याची कोणाला सवय नाही. विधीच्या आधी तो मेई आणि तिच्या मैत्रिणींनी काढलेली चित्रफीत पाहत बसलेला असतो. मेई म्हणते पुसून टाका. तेव्हा तो तिला समजावतो, की प्रत्येकाच्या स्वभावात पसारा असतो आणि तो बाहेर फेकून देण्यापेक्षा त्याला घरात जागा करून द्यावी. मेईची आई मिंग पांडा झाली होती तेव्हा ती कशी होती, हेही त्यानेच पाहिलेले असते. मेई ऐन विधीत मन बदलते त्यामागे हे बोलणे आहे. बापाने उपदेशाऐवजी एवढेच केले तरी पुरते, असे पाहून मला बरे वाटले.

फुलपात्र

अवांतर : तिरफळ, तुमच्या मुलग्याला सांगा की खरा लाल पांडा पाहायला कॅनडाला जावे लागत नाही. तो सिक्कीमचा राज्यप्राणी आहे आणि दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात त्याचे प्रजननकेंद्र आहे. आकाराने मात्र तो मोठ्या मांजराएवढाच असतो, तेव्हा अपेक्षाभंगाची जबाबदारी माझी नाही.

रेषाकार

मी या व्यवसायात आहे, म्हणून किंचाळण्याच्या तक्रारीला उत्तर देतो. पिक्सारची ओळख ही बारीक, संयत अभिनयाची. पात्राच्या डोळ्यांतली छोटी हालचालही वास्तवाच्या जवळ ठेवायची. इथे तो दंडक मुद्दाम मोडला आहे. डोळे अचानक ताटाएवढे होतात, तोंड चेहऱ्याबाहेर जाते, पार्श्वभूमी विरघळून नुसते रंग उरतात. ही जपानी ॲनिमे मालिकांची भाषा आहे आणि शी यांनी लहानपणी पाहिलेल्या त्या मालिकांचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. तेरा वर्षांच्या मुलीला जग असेच दिसते, म्हणून जग असेच काढले आहे. ज्याला ही भाषा परकी आहे त्याला ती कर्कश वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तिला अनवधान म्हणता येणार नाही.

संगीताच्या बाबतीतही तोच नेमकेपणा दिसतो. त्या वाद्यवृंदाची तीन गाणी बिली आयलिश आणि फिनियस यांनी लिहिली आहेत, आणि ती शतकाच्या सुरुवातीच्या गाण्यांची टिंगल करत नाहीत. त्या काळात खरोखर गाजली असती इतकी ती प्रामाणिकपणे केलेली आहेत.

शी यांचा आधीचा लघुपट ‘बाओ’ (२०१८) ज्यांनी पाहिला असेल त्यांना या आईची ओळख आधीच झालेली आहे. तिथे मुलगा दूर जाऊ लागल्यावर आई त्याला अक्षरशः गिळून टाकते. त्या लघुपटाला ऑस्कर मिळाले. त्यात कथा आईच्या बाजूने होती, इथे ती मुलीच्या बाजूने आहे, आणि दोन्ही एकापाठोपाठ पाहिले तर घाटावरचा यांना मिंग विदूषक वाटणार नाही असा माझा अंदाज आहे.

घाटावरचा

‘बाओ’ पाहिला. तो मला फार आवडला, आणि त्यात कोणी किंचाळत नाही.

टोरांटोकर

रेषाकार, हे सगळे रंग मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाले नाहीत याची मला हळहळ आहे. महासाथीमुळे ११ मार्च २०२२ ला चित्रपट सरळ डिस्ने प्लसवर आला. अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत तो थोडे दिवस चित्रपटगृहांत लागला, पण तोवर बहुतेकांचा तो घरी पाहून झाला होता.

निरंजन

भारतातही तो तेव्हाच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवरच आला. माझे म्हणणे मात्र असे, की घरी पाहिल्यामुळेच या चित्रपटावर इतके वाद झाले. चित्रपटगृहात आई आणि मुलगी अंधारात शेजारी बसून पाहतात आणि बाहेर येऊन दुसऱ्या विषयावर बोलतात. घरात थांबवून विचारता येते, ‘हे काय चालले आहे?’

सांगलीची_आजी

माझी नात आणि मी असे दोघींनी हा चित्रपट पाहिला. सगळे मेई आणि मिंग यांच्याविषयी लिहीत आहेत, म्हणून मी आजीविषयी लिहिते, ते माझे कामच आहे.

वू आजीच्या भुवईवर एक व्रण आहे. मिंगने तरुणपणी, जिनशी लग्न करण्यावरून झालेल्या भांडणात, पांडाच्या रूपात आपल्या आईला केलेली ती जखम. त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. चित्रपटातला माझ्या मते सर्वांत मोठा प्रसंग शेवटी विधीतल्या त्या बांबूच्या वनात आहे, जिथे मेईला आपल्या वयाची आई रडताना सापडते. आईच्या मनासारखे आपण कधीच होऊ शकत नाही, एवढेच त्या मुलीचे दुःख असते, आणि मेई तिचा हात धरून तिला आजीकडे पोहोचवते. ज्या बाईला घाटावरचा विदूषक म्हणाले तिच्या प्रत्येक अतिरेकाचे मूळ तिथे दिसते. मिंग मुलीवर पहारा ठेवते, कारण आपल्यातला राग काय करू शकतो ते तिने पाहिलेले आहे.

ओवीच्या आईंना हा उर्मटपणा का वाटला तेही मला समजते. आमच्या पिढीने मन मारले आणि त्याला वळण म्हटले. आता नात विधीतल्या आरशाच्या (ज्याच्या पलीकडे गेले की पांडा मागे राहतो) अलीकडेच थांबते आणि आम्ही पलीकडे जाऊन पुन्हा दागिना घालतो. मला खटकले ते हेच. आजी, चार आत्या-मावश्या, सगळ्या जणी मिंगला आवरण्यासाठी आपले दागिने फोडतात, त्या रूपात पराक्रम करतात, आणि काम झाले की निमूटपणे पांडा पुन्हा कोंडून टाकतात. त्यांच्यातल्या एकीलाही तो ठेवावासा वाटू नये? म्हाताऱ्या बायकांना बदलता येत नाही असे लेखिकांना वाटते की काय, असे मी नातीला विचारले. ती म्हणाली, ‘आजी, त्यांना त्याची सवय झाली असेल.’ हे उत्तर मला पटलेले नाही.

मधुरा_के

आजी, तुमचा हा मुद्दा मला आजवर कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळाला नव्हता. मी मात्र त्याकडे थोडे वेगळे पाहते. मेई पांडा ठेवते म्हणजे तिने बरोबर केले आणि बाकीच्यांनी चूक, असे चित्रपट म्हणत नाही. मिंगला वाटत असलेली भीती खरी आहे, तिचा पांडा स्टेडियमचे छप्पर फोडण्याइतका मोठा आहे. तिने तो कोंडून ठेवण्याचे ठरवले तर ती तिची निवड आहे. लेकीला तशी सक्ती करायची नाही, एवढेच ती शिकते.

सांगलीची_आजी

मधुरा, निवड होती असे दाखवायला निदान एकीने क्षणभर घुटमळायला हवे होते. मी त्या घुटमळण्याची वाट पाहत होते.

ओवी

सर्वांचे आभार. आजींचा प्रतिसाद मी माझ्या आईला वाचून दाखवला. माझा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे. वाढदिवसाच्या प्रसंगी मेई मैत्रिणींचा बळी देते. त्यानंतर कार्यक्रमाच्या ठिकाणी ती येते, माफी मागते, तामागोचीचा एक विनोद होतो आणि मिठी मारून सगळे संपते. आईशी समेट व्हायला अख्खे स्टेडियम पडावे लागते आणि मैत्रिणींशी समेट मिनिटभरात होतो, हे प्रमाण मला चुकलेले वाटते.

अर्धी_वही

मी इथे फारसे लिहीत नाही. हा चित्रपट आला तेव्हा मी दहावीत होते, म्हणजे धाग्यावरच्या बहुतेकांपेक्षा मेईच्या वयाला जवळची.

ओवी ताई, तुम्ही ज्याला तिचे पहिले खोटे समजून सोडून दिले आहे, मला वाटते सगळे तिथे आहे. आईवडील तिची परीक्षा घेतात, मांजराची पिल्ले समोर ठेवतात, आणि ती पांडा होत नाही. कसे जमले असे विचारल्यावर ती सांगते, की मी जिवापाड प्रेम असलेल्या माणसांची आठवण काढली, आणि ती माणसे म्हणजे तुम्ही. आपण पाहिलेले असते की तिच्या डोळ्यांसमोर मैत्रिणी होत्या. हे खोटे ती तिकिटासाठी किंवा पैशांसाठी बोलत नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून बोलते. तुझ्या इतकीच जवळची माणसे मला घराबाहेर मिळाली आहेत, हे वाक्य त्या घरात उच्चारता येत नाही. वाढदिवसाला ती गप्प राहते तेव्हा तेच खोटे पुढे चालू असते. बोलली असती तर तिला फक्त स्वतःची चूक कबूल करावी लागली नसती. आपण आईपेक्षा यांना निवडले हे आईसमोर सांगावे लागले असते.

ते समर्थनीय आहे असे मी म्हणत नाही. माझ्याही बाबतीत मैत्रिणीला माझ्या घरी बोलणी बसली होती आणि मी खाली मान घालून उभी होते. तिने मला नंतर लगेच माफ केले, कारण तिच्याही घरी तेच होते. त्यामुळे चित्रपटातला तो मिनिटभराचा समेट मला खोटा वाटला नाही. त्या वयात मैत्रिणी एकमेकींच्या आया ओळखून असतात.

मुक्ताई

अर्धी_वही, हे इतके नीट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वर्गात मी हे रोज पाहते. एकीच्या घरची शिक्षा दुसरीला भोगावी लागते आणि तरी मधल्या सुट्टीत डबा एकत्रच उघडला जातो.

ओवी

अर्धी_वही, तुझे म्हणणे मला बरेचसे पटले, तरी पूर्ण नाही. मैत्रिणींनी का माफ केले हे तू सांगितलेस आणि ते खरे वाटते. पण चित्रपट ज्या आईला तिच्या बोलण्याचा जाब विचारतो, त्याच आईने मिरियम, ॲबी आणि प्रिया यांच्यावर केलेल्या आरोपाबद्दल त्या तिघींपाशी नीट थांबून काही बोलायला नको होते का? मेईच्या बाजूची माफी झाली, मिंगच्या बाजूची मला दिसली नाही.

घाटावरचा

आता हा आक्षेप माझ्या आक्षेपाच्या बाजूला येऊन बसला आहे, याची नोंद घ्यावी.

तिरफळ

ओवी, शेवटच्या भागात मुली देवळात मोकळेपणाने येतात-जातात आणि मिंग त्यांना अडवत नाही, इतकेच दाखवले आहे. आमच्याकडची वडील माणसे माफी अशीच मागतात. ‘जेवून जा’ म्हणतात आणि विषय संपतो.

ओवी

तिरफळ, तेच तर बदलायला हवे, असे मेईच्या वयाच्या मुलींना वाटत असेल.

नवी_सदस्य_पुणे

पूर्ण धागा वाचला. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला पांडा फार आवडतो. शेवटचा तो स्टेडियमचा भाग तिला भीतिदायक वाटेल का?

तिरफळ

सहाव्या वर्षी कदाचित वाटेल. मिंगचा पांडा इमारतीएवढा आहे, आई आरडाओरडा करत लेकीवर धावून येते, आणि माझ्या मुलग्याने त्या वेळी उशी तोंडासमोर धरली होती. सोबत बसा, आणि छप्पर फुटायच्या आधी आवाज कमी करा. त्या बाबतीत घाटावरचा यांचा सल्ला उपयोगी आहे.